नाकायिझाची खुर्ची

किसोजो,
शनिवार, १९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

गुडघे टेकून नमस्कार. तिकडे जिंजाला सगळे बरे ना? तुझी कंबर कशी आहे? ती भांडखोर भाडेकरीण अजून आहे की गेली? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली. यंदा नाकतोडे इतके आले की मुलांनी पोती भरभरून आणले. पंख, पाय काढून, कांद्यावर परतून तुझ्यासाठी एक डबा भरला आहे. पत्र आणणाऱ्या बसवाल्याने वाटेत उघडला नाही तर तुझ्यापर्यंत पोचेल. केळीला घड चांगले धरलेत, त्यामुळे जेवणाला मातोकेची चिंता नाही.

फोनच करणार होते. पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

तू विचारलं होतंस, आपल्या नाकायिझाला परदेशी पाहुण्यांनी चाकांची खुर्ची दिली म्हणे, आता ती चर्चला स्वतःची स्वतः जाते का, चटया विकायला बाजारात जाते का. तर खुर्ची आली. निळ्या रंगाची आहे. टायर जाड आहेत, आपल्या मातीत रुतत नाहीत. बसायला मऊ आहे.

मऊ आहे हे तुला कुणी सांगितलं, असं तू विचारशीलच. तुझ्यापासून काही लपवायला गेले की मी आधी शेळीबद्दल बोलते, हे तुला माझ्या लग्नाच्या वेळेपासून माहीत आहे. तेव्हा तू मला समोर बसवून सगळं काढून घेतलं होतंस. आताही तूच समोर आहेस असं समजून लिहिते.

चर्चच्या मैदानात मांडव घातला होता. गोरे पाहुणे एका रांगेत बसले होते, समोर निळ्या खुर्च्यांची रांग. आपले गावचे चेअरमन, सेंपाला साहेब, गळ्यात टाय लावून इकडून तिकडे पळत होते, जसं काही त्यांच्याच मुलीचं लग्न. आदल्या रात्री पाऊस झाला होता. नाकायिझा तिच्या त्या टायरच्या चपला हातात घालून, हातांवर चालत निघाली, पण मैदानाच्या कडेला इतका चिखल की ती तिथेच थांबली. मला म्हणाली, "तू पुढे हो. माझं नाव पुकारलं तर सांग, येतेय म्हणावं. नवीन गोमेसीला चिखल लागलेला मला चालणार नाही, लोक म्हणतील खुर्ची मिळाली आणि साबण मिळाला नाही."

मीही गोमेसीच नेसले होते, तू दिलेली जांभळी, पायघोळ. नाव पुकारलं. मी पुढे गेले आणि त्या मुख्य पाहुण्याबाईंसमोर गुडघे टेकले. टेकणारच ना! मोठ्या माणसासमोर ताठ उभं राहून बोलायला आपण काय रानात वाढलोय? म्हणायचं होतं की बहीण मागून येतेय.

पण बाईंनी पाहिलं काय? नाव पुकारलं, एक बाई पुढे आली आणि खाली जमिनीवर कोसळली. पाय तर कपड्यात दिसतच नव्हते. बाई भल्या आहेत गं. कॅरल नाव. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी हाताने खूण केली आणि दोन धिप्पाड गोऱ्यांनी मला काखेत धरून उचललं आणि खुर्चीत ठेवलं.

लोक हसले असते तर बरं झालं असतं. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना माहीत होतं त्यांनी जास्तच वाजवल्या. मी उठायला लागले तर चेअरमन माझ्या कानाशी वाकले, "बस गं, बस! फोटो होऊ दे. दुसरा ट्रक अजून यायचाय. आत्ता यांचा अपमान झाला तर खालच्या वस्तीतल्या माणसांच्या खुर्च्या गेल्याच म्हणून समज." त्या वस्तीतली चार माणसं त्या ट्रकच्या आशेवर बसली आहेत, आत्या. म्हणून मी बसले.

गेले आठ दिवस मी सगळ्यांना एवढंच सांगते आहे. भाजीवालीला सांगितलं, फादरना सांगितलं, मासाका शहरात असलेल्या नवऱ्याला फोन करून सांगितलं. सगळे म्हणतात, बरोबर केलंस. पण पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

कॅरलबाई माझ्यासमोर खाली बसल्या. चिखलात, त्यांच्या त्या पांढऱ्या पँटसकट. त्यांनी माझा एक पाय दोन्ही हातांनी उचलला आणि खुर्चीच्या पायपट्टीवर ठेवला. मग दुसरा. तेव्हा मी पाय सैल सोडले, आत्या. नाकायिझाचे असतात तसे. मला ते कसं करायचं चांगलं ठाऊक आहे, लहानपणापासून तिचे पाय मीच उचलून ठेवत आले. हे करायला मला चेअरमननी सांगितलं नव्हतं.

मग बाईंनी काहीतरी विचारलं. चेअरमननी सांगितलं, "चालता कधीपासून येत नाही, म्हणतायत." आणि मी सांगितलं. ताप आला होता, तीन वर्षांची होते, आई पाठीवर घेऊन दवाखान्यात गेली, डॉक्टर नव्हते. सगळं सांगितलं. शाळेची खिडकी आणि खिडकीबाहेर बसून शिकलेली बाराखडीसुद्धा. बाई रडत होत्या, मीही रडले. खरं रडले. माझ्या पायांना इतक्या प्रेमाने कुणी कधी हात लावला नव्हता गं. मी नाकायिझाला उचललं, हिचं पाणी भरलं, हिला पाठीवर घेऊन डोंगर चढले, पण तू दमलीस का असं मला कधी कुणी विचारलं नाही. त्या दिवशी मला वाटलं, अजून थोडा वेळ बसू दे.

मान वळवली तेव्हा नाकायिझा मांडवाच्या खांबापाशी पोचली होती. चिखलाने भरलेली. तिने सगळं ऐकलं होतं.

वळणापर्यंत पोरांनी मला ढकलत नेलं. वळणानंतर मी उतरले आणि तिला म्हटलं, "ताई, बस." ती म्हणाली, "नको. तुझे पाय दुखत असतील." आणि हातांवर चालत घरी आली. तेव्हापासून कामापुरतं बोलते. खुर्चीकडे बघतही नाही. खुर्चीवर कोंबडी बसते.

आता खरी गोष्ट. सोमवारी पाहुणे घरोघरी येणार आहेत, खुर्च्यांचा उपयोग कसा होतोय ते बघायला. चेअरमन काल येऊन सांगून गेले, "तू खुर्चीत बस. आणि हिला स्वयंपाकघरात बसव, दार लावून घे. एका घरात दोन दोन म्हटल्यावर त्यांना शंका येईल." हे नाकायिझासमोर म्हणाले. ती चटईचा काठ विणत होती. म्हणाली, "स्वयंपाकघरात धूर फार आहे चेअरमन, मी खोकले तर काय सांगणार? शेळी?"

मी ठरवलं आहे. सोमवारी मी माझ्या पायांवर उभी राहणार आणि त्या बाईंना खरं सांगणार. ट्रक येवो न येवो. तू माझ्यासाठी प्रार्थना कर.

तुझी,
रेस्टी


किसोजो,
बुधवार, २३ नोव्हेंबर

आत्या,

डबा मिळाला का? मिळाला असेल तर खा. आज शेळीबद्दल काही लिहीत नाही.

सोमवारी सकाळी मी अंगण झाडलं. खुर्चीवरून कोंबडीला हाकललं, खुर्ची पुसली आणि नाकायिझाला म्हटलं, "ताई, तू हिच्यात बस. ते आले की मी सांगते सगळं." ती म्हणाली, "आधी सांग. मग बसते." आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. दार तिने लावलं नाही.

गाडी आली. मागे अर्धं गाव. मी चालत गाडीपर्यंत गेले. गुडघे टेकले नाहीत, उभी राहिले. कॅरलबाई गाडीच्या दाराशीच थबकल्या. मी आपल्या भाषेत स्पष्ट म्हणाले, "बाई, माझे पाय चांगले आहेत. पहिल्यापासून चांगले आहेत. मी खोटं बोलले. ही खुर्ची माझ्या बहिणीची आहे." हे मी म्हणाले, आत्या. सगळ्या गावाने ऐकलं. देवाशपथ म्हणाले.

 मग चेअरमन बाईंकडे वळले आणि इंग्रजीत बोलायला लागले. मला इंग्रजी किती येतं ते तुला माहीत आहे, पण त्यात एक शब्द होता तो मला कळतो. तंबूत सभा घेणारे पास्टर दर रविवारी लाउडस्पीकरवर तोच ओरडतात. मिरॅकल. चमत्कार.

बाईंनी तोंडावर हात धरला. मग धावत आल्या आणि मला मिठी मारली. त्यांच्याबरोबरचे ते धिप्पाड पुरुष, ज्यांनी मला उचललं होतं, ते गुडघ्यांवर बसून प्रार्थना करायला लागले. अंगणात, झाडलेल्या मातीत, गोरे पाहुणे गुडघे टेकून बसलेत आणि मी त्यांच्यामध्ये उभी. कॅमेरा सुरू होता. चेअरमन आणखी काही सांगत गेले, उंबऱ्याकडे बोट दाखवत. ते काय सांगत होते हेही मला कळलं. ही बरी झाली, आणि आता आपली खुर्ची आपल्या अपंग बहिणीला देतेय.

'नो' एवढा शब्द तर मला येतो, आत्या. पहिलीतलं पोरगंही म्हणेल. बाईंनी माझे दोन्ही हात धरले होते, माझ्या तोंडाकडे बघत होत्या, वाट बघत होत्या. एक शब्द. मी मान हलवली. हो अशी.

म्हणजे काय झालं, बघ. मी तिचं आयुष्य सांगून तिची खुर्ची घेतली आणि आता तीच खुर्ची मी तिला दान केली.

त्यांनी तिला उंबऱ्यावरून उचललं. तिने पाय सैल सोडायची गरज नव्हती. खुर्चीत बसवलं आणि फोटोसाठी मला शेजारी उभं केलं. चेअरमन म्हणाले, "नाकायिझा, बहिणीला काहीतरी म्हण. दोन शब्द."  मला वाटलं, आता ही बोलणार. हिची जीभ तुला माहीत आहे. मला वाटलं, बोल बाई, बोलून टाक, मला जमलं नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "फार उपकार झाले, बाईसाहेब."

आणि आपल्यात कुणी आभार मानले की उलट त्याचे आभार मानायचे, ती सवय लागलेली. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "आभार मानलेस, तुझे आभार." टाळ्या वाजल्या.

दुसरा ट्रक येणार आहे. कदाचित दोन येतील. चेअरमन मला रस्त्यात बघून हात जोडतात. तंबूतल्या पास्टरांनी साक्ष द्यायला बोलावलं आहे, त्यांना मी नाही म्हटलं, निदान ते तरी. काल नाकायिझा स्वतः खुर्ची चालवत बाजारात गेली, मांडीवर चटया घेऊन. सगळ्या विकून आली. भाजीवालीने मला नंतर सांगितलं, बाजारात जो तो तिला म्हणत होता, नशीबवान आहेस, अशी बहीण कुणाला मिळते? ज्यांना खरं माहीत आहे तेसुद्धा. मी विचारलं, मग ती काय म्हणाली? ती म्हणाली म्हणे, "खरंय."

मी रोज वाट बघते की ती मला शिव्या देईल. एखादी चटई फेकून मारेल. तू तिच्याशी बोल. मला समजावणारं पत्र पाठवू नकोस, आणि झालं गेलं विसर असं तर मुळीच लिहू नकोस. जमलं तर स्वतः ये.

आज सकाळी मी चहा घेऊन गेले. ती खुर्चीत, दारात, उन्हाला बसली होती. ती माझी मोठी बहीण, रोज सकाळी मी तिला गुडघे टेकून नमस्कार करते, ते तुला माहीतच आहे. आजवर मी टेकले की आमची तोंडं समोरासमोर यायची. आज पहिल्यांदा मला मान वर करून तिच्याकडे बघावं लागलं. मला तिची माफी मागायची होती. नमस्काराचे शब्द संपले तरी मी तशीच बसून राहिले. 

तिने कप घेतला. फुंकर मारून एक घोट प्यायली. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "ऊठ बाई लवकर. कुणी पाहिलं तर तुला आणखी एक खुर्ची देतील."

ती हसली नाही, आत्या. मी उठले. कप रिकामा होईपर्यंत तिथेच उभी होते.

रेस्टी