कॉम्प्युटर का लोखंड

सोमवार, १२ जुलै २००४

यादी लागली. नातीला जागा मिळाली! सत्यशीला औरंगाबादच्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनियर होणार. आमच्या घरातून एवढं कोणीच शिकलं न्हाई. तिचा बाप — माझा त्रिंबक — नववीत शाळेच्या मागच्या भिंतीवरून उडी मारून गेल्ता, तो परत गेलाच न्हाई.

सगळे हसून राह्यले, पोरगी तेवढी गप. मी म्हणलं, दात दुखतो का? म्हणली, न्हाई आज्जी. मंग तोंड उघड की!

बुधवार, १४ जुलै

काकासाहेबानं आज पारावर सत्कार ठेवला. काकासाहेब म्हणजे माझ्या दिराचा पोरगा. गावात कोणाचं काही चांगलं झालं की पुढं हाच. शाल, नारळ, भाषण. एस.टी.च्या थांब्यावर कापडी फलक — 'कॉम्प्युटर इंजिनियर सत्यशीलाताईंचे हार्दिक अभिनंदन!' अजून पोरीनं कॉलेजाचं फाटक बघितलं न्हाई! पण आमची भावकी अशीच. पोरगं रांगायच्या आधी त्याची सोयरीक बघणारी माणसं. फलकावर काकासाहेबाचा फोटो पोरीच्या फोटोपेक्षा मोठा.

त्रिंबक फेटा बांधून बसला होता. एमआयडीसीत सळयाच्या मिलमध्ये भट्टीपाशी उभं राहून राहून त्याच्या भुवया नीट उगवतच न्हाईत. फेट्याखाली बरा दिसला.

शुक्रवार, १६ जुलै

कळलं दात कशानं दुखतो ते!

मेथी निवडायला बसली माझ्यापाशी. म्हणली, ऑगस्टात दुसरी फेरी असती. मिळालेली जागा हातात ठेवून पसंती बदलता येती. तिला पुण्याच्या सरकारी कॉलेजात जायचं — धातूचं शिकायला. लोखंड का वाकतं, का तुटतं, कशानं कडक होतं, ते सगळं.

मी म्हणलं, त्याला पुणं कशाला? बापाच्या मागं डबा घेऊन जा मिलमध्ये.

"आज्जी, बाबाला पण माहीत न्हाई. मी लहानपणापासून विचारून राह्यले. म्हणतो, तुटतं म्हणून तुटतं."

मंग पहिल्याच खेपेला का न्हाई लिहिलं?

"बाबा बाजूला बसून सांगत होता. कॉम्प्युटर, कॉम्प्युटर, कॉम्प्युटर. तसं लिहिलं."

आता बापाला कोण सांगणार? पोरगी माझ्याकडं बघून राह्यली. मी मेथीकडं बघितलं.

रविवार, १८ जुलै

सांगितलं. मीच. दुसरं कोण!

त्रिंबक ताटावरून उठला. "मी भट्टीपाशी भाजून निघालो ते हिला परत भट्टीत लोटायला? पंख्याखाली बसून काम करंल म्हणून तर कॉम्प्युटर! पोरगी कधी लोखंडात जाती का?"

सगुणा — माझी सून — म्हणली, "आन् थांब्यावरच्या फलकाचं काय? लोक काय म्हणतील?" घ्या! पोरीचा जन्म एकीकडं अन् दोन वार कापड एकीकडं.

पोरगी रडली न्हाई. बापाला म्हणली, "पहिल्या फेरीत मी तुझं ऐकलं. दुसरीत तू माझं ऐक." जीभ माझ्यावर गेली. ह्या घरात एकच बाई तशी पुरे होती.

मंगळवार, २० जुलै

काकासाहेब येऊन गेला. दोनदा चहा पिला. "काकू, धोंड्याचा महिना लागला. ह्या महिन्यात नवं काही ठरवू नये. आन् सत्कार पण झाला ना राव!" मी म्हणलं, ह्याच महिन्यात तू सासऱ्याकडं धोंडे खायला चालला, चांदीची वाटी घेऊन येशील. ते चालतं का? नवी नवरी लाजंल तसा लाजला. गेला एकदाचा.

शनिवार, २४ जुलै

त्रिंबकची अक्कल! आज पोरीला गाडीवर बसवून मिलमध्ये घेऊन गेला. जाताना मला हळूच म्हणला, "एकदा झळ लागू दे. परत नाव काढणार न्हाई."

संध्याकाळी आले. पोरीचं तोंड तव्याच्या बुडासारखं, दात तेवढे पांढरे. हसून राह्यली! बाप मागून, हरलेल्या पैलवानासारखा.

लाल सळई सापावानी सणसणत येती, तिथं जवळच उभं केलं म्हणे तिला. डोळ्यातून पाणी आलं, पण मागं सरली न्हाई. मंग तुटक्या सळयाच्या ढिगापाशी जाऊन बसली. एकेक टोक उन्हाला धरून बघत होती. कुठं दाणेदार तुटलं, कुठं ओढल्यासारखं. जेवायची सुट्टी झाली तरी पत्ता न्हाई. "कळपातली मेंढी चुकल्यावानी हुडकली आई मी तिला," त्रिंबक म्हणला. आमचा सासरा मेंढरं राखायचा, ते बोलणं अजून घरातून गेलं न्हाई.

सगुणानं विचारलं, भ्या न्हाई वाटलं गं?

"वाटलं की. म्हणूनच तर कळायला पाहिजे."

सोमवार, २६ जुलै

फलकावर चिखल उडाला. धुवायला कोणी गेलं न्हाई.

गुरुवार, २९ जुलै

घरात कोणी कोणाशी बोलंना. भाकरी खातात, उठतात. भांडण बरं. गप्प घर मला बिलकुल सोसत न्हाई. मी कोंबड्यांनाच चार शिव्या दिल्या.

रविवार, १ ऑगस्ट

त्रिंबक जवळ येऊन बसला. "आई, मला फलकाचं काही न्हाई. खाली काढून पोतं शिवीन त्याचं. पण तिथं सगळी बापेमाणसं. माझ्या पाळीतल्या वसंताचा हात गेला, तू बघितला ना? ही तिथं असली तर मला झोप लागंल का?"

मोठ्यानं बोलणारा माणूस हळू बोलला की त्याच्याशी भांडता येत न्हाई.

मंग मी पोरीला परसात गाठलं. म्हणलं, बापाचं ऐक. पुण्याची जागा घेतली की औरंगाबादची जाती. तिकडं न्हाई जमलं तर दोन्हीकडून हात रिकामे. हातातलं बरं आहे.

पोरगी खाली बघून म्हणली, "बरं आज्जी."

नुसतं बरं! मला वाटलं, ही आता मला फाडून खाईल. खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

बुधवार, ४ ऑगस्ट

उद्या औरंगाबादला दुसरी फेरी. बाप-लेक बदनापूरहून सकाळच्या रेल्वेनं जाणार. मी पोरीला विचारलं, कॉम्प्युटरच घ्यायचं तर जायचं कशाला? म्हणली, "नुसतं बघून येते, ती जागा कोणाला जाती ते."

मला भाकरी गोड लागली न्हाई.

त्रिंबक दाढी करून आला, अन् सगुणाला सत्कारातला नवा शर्ट काढून ठेवायला सांगितला. कोणाचं लग्न आहे का तिथं?

गुरुवार, ५ ऑगस्ट

आले. पोरगी सांगता सांगता हसून राह्यली अन् रडून पण.

नाव पुकारलं. टेबलावरच्या साहेबानं विचारलं, पुण्याची धातूची जागा शिल्लक आहे, पाहिजे का? पोरगी म्हणली, "न्हाई साहेब. आहे तेच राहू द्या."

मागून त्रिंबक पुढं आला. "साहेब, हिचं ऐकू नका. माझ्यासाठी खोटं बोलून राह्यली. पुणं लिहा!"

घरी आल्यावर मला म्हणला, "आई, तू पण आता गप बैस."

बसते. आधी हिच्या हॉस्टेलची गादी भरायला टाकते.