लुत्फीची खुर्ची

कैरो, रविवार

प्रिय इन्शिराह,

तुझ्या लुत्फीची भाषामंडळातली रिकामी खुर्ची मला मिळाली. नव्या सभासदाने त्या खुर्चीवरच्या दिवंगताचं गुणगान करायचं, ही इथली रीत. मी चिटणिसाला म्हटलं, "अहो, जन्मभर त्याने माझा एक शब्द कोशात येऊ दिला नाही."

"मग काटेकोर होता म्हणा, उस्ताद."

सकाळपासून बसलोय. तो घरी कसा होता, हे तुलाच विचारावंसं वाटतं. वाईट होता म्हणालीस, तर भाषणात काय बोलू? चांगला होता म्हणालीस, तर मला नाकारून तू त्याच्याशी लग्न केलंस ते बरोबरच होतं, हे भरसभेत मीच वाचायचं. पुढ्यात तू बसलेली.

पत्र टाकावं की फाडावं, कळत नाही. खाली 'तुझा' लिहिलं आणि खोडलं. माझा हा शब्द लुत्फीनेही खोडलाच असता.

नुसता,
रिफअत