टिलीला डाग नाही

प्रिय आयव्ही,

आपण टेंटरफील्ड टेरियर कुत्री पाळणाऱ्या बायका, आणि आपलं दुखणं एकच. जी बाई आपल्या कुत्र्यांतला डोळ्यांचा आनुवंशिक दोष तपासून निकाल उघड सांगते, तिच्याकडेच लोक बोट दाखवतात. रविवारी प्रदर्शनात वर्नाने सगळ्यांदेखत तुला टोमणा मारला, "काय गं, तुझ्या घराण्याला डाग लागला म्हणे!" मी विचारलं, "तुझी तपासलीस का?" "माझ्या कुत्र्यांना काय धाड भरलीय?" "न तपासताच कळलं? मग डॉक्टर कशाला, तुलाच बोलावू!" सगळे हसले. तू मात्र टिलीला उचललंस आणि गाडीत जाऊन बसलीस.

टिलीची पणजी डॉट आठव. कोठारातल्या उंदरांचा कर्दनकाळ! एका सकाळी ती पाण्याच्या टाकीवर आदळली. डोळा निळसर, अंग वेदनेने थरथरतंय. आपण धुळीला दोष दिला, सापाला दिला. डोळ्यातलं भिंग निसटलं होतं आणि ते तिच्या जन्माआधीच ठरलं होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

आज पिल्लाच्या गालात आतून काडीएवढा ब्रश फिरवायचा आणि जनुक-तपासणीला पाठवायचा, बस. पुढे काही वर्षांनी डोळ्यांत उतरणारा अंधार पिल्लू दुडदुडतं असतानाच कळतो! मी चर्चमध्ये लग्नामयतालाच जाते, पण पहिला निकाल हाती आला तेव्हा परसात टोपी काढून उभी राहिले.

हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला, तर डोळे जायची भीती. टिलीत तो एकाकडूनच आलाय. तिला धोका अगदी थोडा, डॉक्टरांना डोळे दाखवत राहायचे. निर्दोष नराशी जोडली, तर तिचं एकही पिल्लू दुहेरी दोष घेऊन जन्मणार नाही. माझी कुत्री बेस तशीच आहे. माझ्या निर्दोष बार्नीपासून तिला झालेल्या पाच पिल्लांतली तीन पूर्ण निर्दोष निघाली. त्यातलं एक आत्ता माझ्या बुटावर झोपलंय. मघाशी त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मला शब्द सुचेना. मला, जिला सभेत गप्प करायला घंटा बडवावी लागते!

काल तुझा नवरा एर्न चारा न्यायला आला, तेव्हा बोलून गेला की गुरुवारी टिलीचं गर्भाशय काढायचंय. वर्नाच्या एका टोमण्यापायी? डॉटच्या वंशातली ती शेवटची. अशा एकेक कुत्र्या बाद करत गेलो, तर ही मूठभर उरलेली जात आंधळी होण्याआधी आपल्याच हातून संपेल. बार्नी इथे आहे, फाटक उघडं आहे. हे पत्र खाली ठेव, दवाखान्याला फोन लाव आणि गुरुवारची शस्त्रक्रिया रद्द कर.

तुझीच, भांडकुदळ,
विनी