पहिला नकार मानाचा

१० नोव्हेंबर
फोन नाही.

१२ नोव्हेंबर
आज पेपरात नाव आलं! ‘नव्या राष्ट्राध्यक्षांचे परराष्ट्र धोरणाचे मुख्य सल्लागार म्हणून ऑल्डन प्राउटी यांच्या नावाची चर्चा.’ चर्चा करणारा कोण? मीच! वार्ताहराला चांगलं जेवू घातलं आणि निघताना म्हटलं, “माझं नाव मात्र कुठे घेऊ नका हं.” वॉशिंग्टनमध्ये याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.
बायकोने, व्हर्नाने, बातमी वाचली. त्याच पेपरावर बटाटे सोलले.

१७ नोव्हेंबर
फोन नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग — वय चौऱ्याहत्तर.
मागचं आठवत बसलो. विद्यापीठाची पायरी चढलो नाही. मालवाहू जहाजावर रेडिओ सांभाळता सांभाळता बंदरोबंदरी भाषा उचलल्या, त्या शिदोरीवर इथे शिरलो. चार राष्ट्राध्यक्षांना सल्ला दिला. तिघांनी नेमकं उलटं केलं. चौथ्याने ऐकलं आणि पुढची निवडणूक हरला! माझ्या टिपणांवर एकच शेरा कायम — ‘उत्तम. पण आत्ता नको.’
तरी ती मुख्य खुर्ची कधी मिळाली नाही. नेहमी तिच्या शेजारची. एकदा, एकदाच, तिच्यात बसायचंय.

२७ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग. टर्की कोरडी झाली, लाइल हॅवरकॅम्पने तरी तीनदा वाढून घेतली. लाइल म्हणजे परराष्ट्र खात्यातला जुना सोबती, तेवढाच जुना प्रतिस्पर्धी.
व्हर्ना त्याला म्हणाली, “मिनेसोटात तळ्याकाठी घर घेऊन ठेवलंय. त्यात फक्त उंदीर राहतात.”
मी म्हटलं, “या खेपेनंतर जाऊच गं.”
“हे तू मागच्या खेपेला म्हणालास. त्याच्या मागच्यालाही. तेव्हा माझे गुडघे धड होते.”
लाइल हसला. मीही हसलो. ती भांडी उचलायला गेली.

५ डिसेंबर
फोन आला!!
निवडसमितीतली केंड्रा नावाची मुलगी. “सर, साहेबांना तुम्हीच हवे आहात. याल ना?”
आणि मी — या गावात मुरलेलं लोणचं — घसा खाकरून म्हणालो, “छे हो, माझ्याहून तरुण, लायक माणसं आहेत. मी आता तळ्यावर मासे धरीन म्हणतो.”
इथली रीतच आहे, पहिला नकार मानाचा. समोरच्याने म्हणायचं, ‘असं कसं, देशाला तुमची गरज आहे!’ मग आपण उसासा टाकून हो म्हणायचं. आग्रहावाचून पानावर बसलं तर माणूस हावरट दिसतो.
केंड्रा म्हणाली, “किती छान, सर! मनापासून शुभेच्छा!” ठेवला की फोन!
मागे वळलो तर व्हर्ना दारात उभी. “खरंच? मासे?” चेहरा असा खुललेला, की मीच बावरलो.
“अगं, ते नुसतं म्हणायचं असतं,” म्हटलं.
ती आत निघून गेली.

६ डिसेंबर
हात दाखवून अवलक्षण! लाइलला सांगितलं तर हसून हसून त्याला ठसका लागला. “म्हाताऱ्या, शत्रूच्या पोटातलं ओळखायचास, आणि एका पोरीला रीत माहीत नाही हे ओळखता आलं नाही?” मग म्हणाला, “थांब. तिथे कुणी जुनं खोड असेलच. दुसऱ्यांदा विचारतील.”
आपण होऊन फोन करणं म्हणजे बोलावणं नसताना पंगतीत घुसणं. तेवढी अब्रू शिल्लक आहे. थोडीच.

९ डिसेंबर
वाजला! धावताना खुर्चीला अडखळलो. दाताचा डॉक्टर होता.

११ डिसेंबर
केस कापून आलो. शपथविधीला बरे दिसावेत. आशा वेडी, आणि मी तिचा थोरला भाऊ.

१५ डिसेंबर
नाव जाहीर झालं. लाइल हॅवरकॅम्प!
स्वतःच फोन करून म्हणाला, “शुक्रवारी विचारलं रे. मी पहिल्याच दमात हो म्हणून टाकलं. या वयात आग्रहाची वाट कोण बघतं?”
अभिनंदन केलं. घशात टर्कीचं हाड अडकल्यासारखा आवाज आला माझा.
संध्याकाळभर खिडकीशी बसून होतो. व्हर्नाने सूप आणून ठेवलं. शेजारी बसली, उठली, पुन्हा बसली.

१६ डिसेंबर
व्हर्नाने सकाळी सांगितलं. दुसऱ्यांदा फोन आला होता. गुरुवारी, मी न्हाव्याकडे गेलो होतो तेव्हा. “मी म्हटलं, तो एकदा नाही म्हणालाय ना? मग नाहीच.”
मी ओरडलो. चांगलाच ओरडलो. “मला विचारायचंस तरी!”
तिने कॉफी ओतली. म्हणाली, “चाळीस वर्षं इथे राहिले, ऑल्डन. मला पहिल्यांदाही कुणी विचारलं नव्हतं.”