अण्णांच्या पाटीवरची नऊ घरं

ता. ३ एप्रिल १९३४, मंगळवार
अण्णांनी आज डाव्या हातात पेन्सिल धरली! शिमग्यात उजवी बाजू लुळी पडली, त्यानंतर प्रथमच. पाटी त्यांच्या मांडीवर ठेवून मी शाळेत शिकवायला गेले. परत येऊन बघते तर दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. वाकड्या, पण घरं नऊ. आत आकडा एकही नाही. तरी मी वेड्यासारखी रडले.
अण्णा म्हणाले, "बरं."
तोंडात तेवढा एकच शब्द उरलाय. भूक लागली तरी बरं, ऊन अंगावर आलं तरी बरं.

ता. ८, रविवार
रोज घरं आखतात. रिकामीच.
ते मास्तर होते तेव्हा पडवीत कायम पाटी असायची. चौकट अशी मांडायचे की उभी, आडवी, तिरकी कशीही बेरीज करा, एकच यायची. एक घर रिकामं. आलेल्याने ते भरायचं, कसं भरलं ते सांगायचं, मगच चहा. नुसतं उत्तर चालत नसे. मामलेदारसाहेबसुद्धा एकदा कोरडेच गेले होते. दुसऱ्या दिवशी कारण घेऊन आले आणि दोन कप प्यायले.
मी सासरहून कायमची परत आले त्या दिवशी घरभर रडारड. अण्णांनी पाटी पुढे केली. मधलं घर रिकामं. मी पाच लिहिला, का ते सांगितलं. म्हणाले, "बरोबर. कमळे, आता पुढं शिकायचं." त्या काळात लाल आलवणातल्या विधवा मुलीला असं म्हणणारा बाप! अजून आठवलं की ऊर भरून येतो.

ता. १४, शनिवार
दादाचं पत्र मुंबईहून. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत येतो, अण्णांना घेऊन जातो. तूही चल, घराला कुलूप लावू. डॉक्टरच म्हणतात डोकं गेलंय, मग तिथे ठेवून काय करायचं?
दादा मनाचा वाईट नाही. पण त्या दोन खोल्यांत अण्णा कोपऱ्यात पडून बरं बरं म्हणत राहणार, ही कल्पनाच सहन होत नाही. माझी शाळा सुटेल ते वेगळंच.
डोकं शाबूत आहे असं ठणकावून लिहावंसं वाटतं. पण खरं तर मलाच...

ता. २२, रविवार
आज आकडे आले!
१२   १   १८
९   ६   ४
२   ३६   ३
धावत जाऊन बेरजा केल्या. एकतीस. एकोणीस. एक्केचाळीस.
त्यांचं मन मोडू नये म्हणून दोन-तीन घरं पुसून, दुरुस्त करून पाटी परत दिली. अण्णांनी ती पाहिली, तळहाताने सगळीच्या सगळी पुसली आणि पेन्सिल अंगणात भिरकावली. आयुष्यात कधी आवाज चढवला नाही या माणसाने.

ता. २९, रविवार
आठवडाभर तेच. तेच आकडे मांडतात, मी दुरुस्त करते, ते पुसतात. आज डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.
डॉ. म्हणाले, असा राग येणं हे दुखण्याचंच लक्षण.
भांडी घासायला येणारी सखू दारातून म्हणाली, "मास्तरांना सगला कलता गो बाय. तूच पुसू नको." मी तिच्यावरच खेकसले. सगळा राग तिच्यावर काढला बिचारीवर.

ता. ६ मे, रविवार
सखूचं ऐकलं. आज हात लावला नाही. आकडे नवे:
२०   १   ५०
२५   १०   ४
२   १००   ५
मी समोर बसून लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते. नजर मधल्या ओळीवर. पाढे अंगात मुरलेले, ओठ आपोआप हलले, पंचवीस चोक शंभर. शंभर दाहे हजार. हात थांबला. वरची ओळ. वीस पन्नास हजार. खालची, दोन पंचे दहा, नि शंभर. हजार! उभं हजार. तिरकं हजार.
बेरजा नाहीतच. गुणाकार! मागची चौकटही करून पाहिली, सगळीकडे दोनशे सोळा.
आणि मी मास्तरांची मुलगी, दोन आठवडे त्यांच्या गुणाकाराला बेरीज शिकवत होते!
पायाशी जाऊन बसले. "अण्णा, गुणाकार." डावा गाल तेवढा हसला. "बरं."
अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली, तरी या गृहस्थाला बेरीज सोपी वाटते म्हणून नवं काही हवंय. धन्य आहे.

ता. १० मे, गुरुवार
दादा आला. पाटी दाखवली. त्याने सगळे गुणाकार करून पाहिले. मग म्हणाला, "जुनं पाठ असेल गो, कमळे. हात सवयीने चालतो."
मग मोठ्याने, "अण्णा, मुंबईला यायचं ना?"
"बरं."
"बघ. ते तयार आहेत."
मी खूप बोलले. बोलायला नको होतं तेही बोलले. रविवारच्या बोटीची तिकिटं काढून आलाय.

ता. १३ मे, रविवार
वळकट्या बांधून पडवीत. जेवणं लवकर उरकली. निघण्यापूर्वी दादाने चहा मागितला. मी कप आणून ठेवला तो अण्णांनी डाव्या हाताने आपल्याकडे ओढला आणि पाटी दादापुढे सरकवली.
२   १   ४
३   ५   ७
६   ९   –
दादा हसला. बेरजा केल्या, जमेनात. गुणाकार, तेही नाहीत. माझ्याकडे बघून मान हलवली. मग म्हणाला, "एक ते नऊमधला आठच राहिलाय," नि आठ लिहिला.
अण्णांनी आठ पुसला नाही. पण कपावरचा हातही काढला नाही.
"काय हवंय त्यांना?"
"कारण," मी म्हटलं.
दादा मांडी घालून बसला. लहानपणी बसायचा तसाच, जीभ दातांत धरून. कितीतरी वेळ. "ही चौकट आपण कधी पाहिली नव्हती, कमळे," हळूच म्हणाला. मग एकदम, "दोन नि चार सहा, मधला एक वजा, पाच. तीन नि सात दहा, मधले पाच वजा, पाच..."
बंदरावरून भोंगा झाला. मी म्हटलं, "दादा, बोटीवर नेणारा पडाव सुटेल."
"थांब गो. उभं नि तिरकं बघू दे."
दुसरा भोंगाही झाला. मी दारात बसून हे लिहितेय. वळकट्या तिथेच आहेत. दादा बोटांवर मोजतोय, आणि चहा अजून अण्णांच्या हाताखाली.