फ्रिटिलरीला कळी येईपर्यंत

खलिफा सिटी, अबुधाबी
५ नोव्हेंबर २०२४

ती. इनासदादास,
स. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र टेसाच्या हाती देते. तुझी लेक दुबईहून महिन्याला एकदा येते, माझा फ्रिज तपासते आणि मला रागावून परत जाते.

लिओला जाऊन पंचवीस दिवस झाले. काल त्याच्या नावाने हॉलंडहून एक खोकं आलं. आत फ्रिटिलरी नावाच्या फुलाचे वीस कांदे. त्याच्या डच साहेबाने दिलेल्या कॅलेंडरात एप्रिलच्या पानावर ते फूल होतं. जांभळ्या चौकड्यांचं, मान खाली घातलेलं. वर्षभर लिओने ते पान उलटू दिलं नाही. आणि मला न सांगता सप्टेंबरात कांदे मागवून मोकळा झाला!

त्यांना तीन महिने थंडी लागते म्हणे. इथे थंडी फक्त फ्रिजात. तू केळी-मोगऱ्याच्या वाडीतला माणूस, चांगले कांदे कसे निवडायचे ते सांग.

तू घरी ये म्हणतोस. कंपनीचं घर मार्चअखेर खलास, असं ऑफिसवाल्यांनीही सांगितलंय. पण दादा, आम्हाला मूल नाही. मी निघाले तर त्या वाळूत लिओच्या कबरीवर मेणबत्ती कोण लावणार? फूल आलं की ते त्याच्यापाशी ठेवीन आणि निघेन, हा माझा शब्द.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर माया आहे तशी राहू दे.
तुझी सुझी

निर्मळ, वसई
१ डिसेंबर २०२४

चि. सुझीस,
अ. उ. आ.

कांदा अंगठ्याने दाबून बघ. दगडासारखा लागला तर ठेव, मऊ लागला तर टाक. ओलसर शेवाळात गुंडाळ, पिशवीला भोकं पाड, कोरडा पडू देऊ नकोस. मुळांची बाजू खाली. फुलाविषयी मात्र मला काही कळत नाही. मान खाली घातलेलं फूल पैसे देऊन आणणारा आमचा जावई एकटाच! मोगरा काय वाईट होता?

चेष्टा केली, रागावू नकोस. त्याच्यावाचून मलाही करमत नाही. सुट्टीत आला की आधी वाडीत यायचा, मग घरात.

टेसा नाताळला येऊन जाईल, तिच्याबरोबर वेलची केळ्यांच्या चार फण्या पाठवतो. नुसत्या चहावर राहू नकोस. तुझी खोली वहिनीने रंगवून घेतली आहे.

आशीर्वाद आहेतच.
इनास

अबुधाबी
२ मार्च २०२५

ती. दादास,
स. न. वि. वि.

वीसपैकी चौदा कांदे टणक निघाले. जानेवारीअखेर कुंड्यांत लावले, एसीच्या खोलीत ठेवले, रोज बर्फाचं पाणी घातलं. हिरवी पानं आली, वीतभर वाढली. पण कळी नाही. पानं हलकेच उलगडून पाहिली, तर आत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी वाळून गेलेलं. चौदाही कुंड्यांत तेच. टेसा म्हणाली, आंटी, इट्स ओन्ली अ फ्लॉवर. मी तिला जेवायला वाढलं.

तुझी केळी मात्र छान पुरली. फ्रिजात कांद्यांच्याच कप्प्यात ठेवली होती, साल काळी पडली तरी रोज एक खात होते. आता काय करू, सांग.
तुझी सुझी

निर्मळ
९ मार्च २०२५

चि. सुझीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. पिकत्या केळ्यातून वाफ सुटते, ती शेजारच्या कळीला मारते. लहानपणी मी मोगऱ्याची टोपली केळ्यांच्या कोठीत ठेवली म्हणून बाबांनी मला फोकाने मारलं होतं. एवढं माहीत असून मी केळी पाठवली आणि कुठे ठेवायची हे लिहिलं नाही. लिओचं फूल माझ्या हातून गेलं. या वयात बहिणीसमोर तोंड दाखवायची लाज वाटते. क्षमा कर.
इनास

अबुधाबी
१७ मार्च २०२५

ती. दादास,
स. न. वि. वि.

रडू नकोस. कळ्या केळ्यांनी गेल्या, पण तुझ्यामुळे नाही. खोक्यात एक कार्ड होतं. पिकत्या फळांजवळ ठेवू नका, असं त्यावर ठळक छापलं होतं. मी ते पहिल्याच दिवशी चष्मा लावून वाचलं होतं. टेसाने केळी आणली तेव्हा टेबलावर भरपूर जागा होती. मी ती उचलून त्याच कप्प्यात ठेवली.

फूल आलं की निघेन, असा शब्द देऊन बसले होते ना. आलंच नाही तर निघावं लागणार नाही, असं खुळं मनात आलं. आणि तरी रोज बर्फाचं पाणी घालत होते, कळी दिसते का म्हणून वाकून बघत होते. दोन्ही खरं आहे, दादा. मलाही ते नीट समजत नाही.

परवा कबरीवर जाऊन लिओला सगळं सांगितलं. त्याचं फूल मी मारलं, हेही सांगितलं. खूप रडले. चौदाही कुंड्या तिथेच ठेवून आले. उन्हात दोन दिवस टिकणार नाहीत, माहीत आहे.

एकोणतीस तारखेचं तिकीट काढलं. एकच मागणं आहे. तीस वर्षांत मुंबई विमानतळाच्या त्या दारातून मी लिओशिवाय कधी बाहेर आले नाही. ट्रॉली तो ढकलायचा, मी मागून चालायचे. तू अगदी दारासमोर उभा राहा. मला तिथे कुणाला शोधावं लागू नये.
तुझी सुझी