चूक समोरच्याची

३ मार्च
सिग्नलला माझी गाडी पुढच्या गाडीला किंचित टेकली. तिचा मागचा दिवा फुटला. मुळातच नाजूक असणार. ट्रॅफिक पोलिसाने चलान मात्र माझ्या नावाने फाडलं: निष्काळजीपणे गाडी चालवणे. मी शांतपणे विचारलं, पिवळ्या सिग्नलला कोणी असं गपकन थांबतं का? म्हणाला, सगळेच थांबतात. शेजारी बसलेल्या बायकोने मान डोलावली. त्याच्या बाजूने.

४ मार्च
ठरलं. दंड भरायचा नाही, केस लढवायची. वकील नको. बोलायला मी खंबीर आहे.

६ मार्च
कोर्टात हरकत नोंदवली. खिडकीतल्या बाईंनी लायसन्स ठेवून घेतलं. निकाल लागेपर्यंत गाडी चालवायची नाही म्हणे. हे आधी सांगायला नको? बायको म्हणते, खिडकीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. असो. आठवड्याभराचा प्रश्न.

२० मार्च
पहिली तारीख. दिवसभर बाकावर. माझा पुकारा होणार, तेवढ्यात न्यायाधीश उठले. पुढची तारीख मे महिन्यात. हरकत मागे घेता येते का, विचारलं. सहज, माहितीसाठी. बाई म्हणाल्या, आता नाही.

३० मार्च
बायको रोज ऑफिसला सोडते. प्रत्येक पिवळ्या सिग्नलला थांबते आणि माझ्याकडे मुद्दाम बघत नाही. आज गेटवर साहेबांनी हटकलं. कंबर दुखते, गाडी चालवायला मनाई आहे, असं ठोकून दिलं. आता दिवसभर कंबर धरून वावरावं लागतं.

१७ एप्रिल
बायकोला साक्षीला नेणार होतो. म्हणाली, येते, पण जे झालं तेच सांगेन. रद्द. त्यापेक्षा सिग्नलच्या कॅमेऱ्याचं फुटेज मागवायचा अर्ज केला. कॅमेरा कुणाची बाजू घेत नाही.

८ मे
फुटेज भरल्या कोर्टात मोठ्या स्क्रीनवर दाखवलं. सिग्नल चांगला लालभडक. पुढची गाडी कधीची उभी. मी बायकोकडे वळून काहीतरी समजावतोय, दोन्ही हातांनी. न्यायाधीशांनी विचारलं, काय सांगत होतात? शपथ घेतलेली, काय करणार. म्हटलं, लोक किती बेफिकीर गाड्या चालवतात, ते. मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी त्याला दटावलं नाही. दंड कायम, शिवाय रविवारचे सुरक्षित ड्रायव्हिंगचे वर्ग. ते पुरे केल्यावर लायसन्स.
निकाल संमिश्र म्हणायचा.

१७ मे, रविवार
पहिला वर्ग. सगळी कॉलेजची मुलं. पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवावं, यावर मी अनुभवाचे चार शब्द बोललो. मास्तर म्हणाले, काका, बसा.
बाहेर बायको गाडी घेऊन उभी होती. मी पुढचं दार उघडलं. म्हणाली, मागे बसा. पुढे बसलात की बोलता.
मागे बसलो.